वाचकांचे प्रश्न : शेवटच्या काळाची चिन्हे

नाताळाआधीचे चार आगमन रविवार जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. यंदा सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेली बहुतेक पत्रे प्रभू येशूच्या पुनरागमनाविषयी, म्हणजेच शेवटच्या काळाच्या चिन्हांविषयी आहेत. त्यांतील काही प्रश्न संक्षिप्त करून येथे घेतले आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत. या विषयावर मंडळ्यामंडळ्यांत खरे मतभेद आहेत. मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या परंपरेत वाढलो असल्यामुळे माझा कल कोणीकडे आहे हे वाचकांनी लक्षात ठेवूनच पुढील उत्तरे वाचावीत.

प्रश्न : २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर आम्ही सांगलीवाडीत पाहिले. मध्ये कोरोना आला. माझे वडील कोयनेच्या भूकंपाची आठवण सांगतात. आमच्याकडील संजीवन सभेत वक्त्यांनी मत्तयाचा चोविसावा अध्याय वाचून सांगितले की सर्व चिन्हे आता पूर्ण झाली आहेत. हे खरे मानावे का?

त्या अध्यायाची सुरुवात कशी होते ते आधी पाहावे. शिष्य प्रभूला यरुशलेमच्या मंदिराच्या इमारती दाखवतात आणि प्रभू त्यांना सांगतो की येथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. मग जैतुनांच्या डोंगरावर बसले असताना शिष्य विचारतात की हे केव्हा होईल, आणि आपल्या येण्याचे व युगाच्या समाप्तीचे चिन्ह काय. म्हणजे प्रश्न दोन आहेत आणि उत्तरात ते एकमेकांत गुंफलेले आहेत. त्यांपैकी पहिल्याचे उत्तर इतिहासात मिळाले : इ.स. ७० मध्ये तीत (टायटस) या रोमी सेनापतीच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घालून ते जिंकले आणि मंदिर जाळून जमीनदोस्त केले. लूकाने तर याच भाषणात यरुशलेमला सैन्यांचा वेढा पडलेला पाहाल असे स्पष्ट शब्दांत नोंदवले आहे (लूक २१:२०). त्यामुळे या अध्यायातील प्रत्येक ओळ आपल्याच पिढीबद्दल लिहिली आहे असे गृहीत धरता येत नाही.

आता लढाया, दुष्काळ आणि भूकंप यांच्याकडे वळू. आपल्या वक्त्यांनी यादी वाचली, परंतु यादीच्या अलीकडचे आणि पलीकडचे वाक्य त्यांनी बहुधा घाईत वाचले. सहाव्या ओवीत प्रभू म्हणतो की लढाया आणि लढायांच्या अफवा ऐकून घाबरू नका, असे होणे अवश्य आहे, परंतु एवढ्यात शेवट नाही. आठव्या ओवीत तो म्हणतो की हा तर वेदनांचा प्रारंभ आहे. ज्या घटनांविषयी खुद्द प्रभू ‘एवढ्यात शेवट नाही’ असे सांगतो, त्याच घटना शेवट आल्याचा पुरावा म्हणून व्यासपीठावरून मांडल्या जाव्यात, हे मला नेहमीच विचित्र वाटत आले आहे.

शिवाय ही यादी ज्यांनी प्रथम ऐकली त्यांच्या हयातीतच तिच्यातील प्रत्येक गोष्ट घडली होती. क्लौद्य कैसराच्या काळात मोठा दुष्काळ पडला, त्याचा उल्लेख प्रेषितांच्या कृत्यांत आहे (११:२८), आणि त्या वेळी अंत्युखियाच्या मंडळीने मदत गोळा करून यहूदीयातील बंधूंना पाठवली. इ.स. ६० च्या सुमारास लावदिकीया हे शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि तेथील श्रीमंत नागरिकांनी रोमची मदत न घेता ते पुन्हा उभारले. ७९ मध्ये वेसुवियस ज्वालामुखीने पॉम्पेई गाडून टाकले. नंतरच्या शतकांतही हेच चालू राहिले. आपल्याच भागापुरते बोलायचे तर १८७६ ते ७८ चा दुष्काळ, १८९६ नंतर गावेच्या गावे रिकामी करायला लावणारा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा आणि १९७२ चा दुष्काळ यांपैकी कोणत्याही काळातील माणसाला आपल्याइतक्याच खात्रीने म्हणता आले असते की चिन्हे पूर्ण झाली.

कोयनेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण साताऱ्याच्या आणि सांगलीच्या जुन्या घरांत ती आठवण अजून ताजी आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या त्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. धरणात पाणी साठू लागल्यानंतर त्या परिसरात धक्के वाढले होते, आणि मोठ्या जलाशयामुळे भूगर्भातील ताण मोकळा होऊन भूकंपास चालना मिळते याचे कोयना हे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण ठरले. आज कराडजवळ त्याच अभ्यासासाठी खोल छिद्रे घेऊन संशोधन करणारी शासकीय प्रयोगशाळा आहे. भूकंप पूर्वीपेक्षा वाढले आहेत ही समजूतही तपासून पाहण्याजोगी आहे. सात किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप जगात वर्षाला सरासरी पंधराच्या आसपास होतात आणि हे प्रमाण शतकभरात साधारण तसेच राहिले आहे. वाढली आहेत ती भूकंपमापक यंत्रे आणि बातमी आपल्यापर्यंत पोहोचण्याचा वेग.

महापुराचेही तसेच. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांवर गेली, धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट असताना. पाणलोट क्षेत्रातील अतोनात पाऊस, धरणांतून सोडलेले पाणी, अलमट्टीच्या फुगवट्याविषयीचा वाद आणि पूररेषेच्या आत झालेली बांधकामे यांवर तेव्हापासून चर्चा चालू आहे. पूररेषेत घर बांधण्यास परवानगी कोणी दिली हा प्रश्न विचारण्याऐवजी सगळे ओझे बायबलमधील शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकावर टाकणे अनेकांच्या सोयीचे आहे, एवढेच येथे नोंदवतो.

मग त्या अध्यायात खरी चिन्हे नाहीतच का? आहेत, पण त्यांवर सभा भरत नाहीत. प्रभूचा पहिलाच इशारा ‘कोणी तुम्हांला फसवू नये म्हणून सावध राहा’ असा आहे आणि खोट्या संदेष्ट्यांचा उल्लेख तो पुन्हा पुन्हा करतो. अनीती वाढून पुष्कळांची प्रीती थंडावेल, असे तो म्हणतो (२४:१२). राज्याची सुवार्ता सर्व राष्ट्रांत गाजवली जाईल आणि मग शेवट होईल, असेही म्हणतो (२४:१४). त्याचे प्रत्यक्ष येणे मात्र पूर्वेकडून पश्चिमेपर्यंत चमकणाऱ्या विजेसारखे असेल (२४:२७), म्हणजे ते ओळखण्यासाठी कोणा वक्त्याची गरज भासणार नाही.

प्रश्न : मी कऱ्हाडचा निवृत्त शिक्षक आहे आणि ख्रिस्ती नाही. आमच्याकडे कलियुगाच्या शेवटी कल्की अवतार होईल असे पुराणे सांगतात. ख्रिस्ती लोकांची शेवटच्या काळाची कल्पना याहून वेगळी आहे का?

गुरुजी, आपण विचारलेत याचा आनंद झाला. वर्णनांत साम्य पुष्कळ आहे. कलियुगातील राजे प्रजेला लुटतील, पाऊस वेळेवर पडणार नाही, नाती पैशावर ठरतील, असे विष्णुपुराणात आणि भागवतात म्हटले आहे. आणि शेवटल्या दिवसांत माणसे स्वार्थी, धनलोभी, आईबापांची आज्ञा न मानणारी होतील असे पौल तीमथ्याला लिहितो (२ तीमथ्य ३:१-५). ‘घोर कलियुग आले’ हे उद्गार आमच्या ख्रिस्ती घरांतील आज्यांच्या तोंडीही सर्रास ऐकू येतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

मांडणी मात्र वेगळी आहे. पुराणांच्या गणनेत कलियुग ४,३२,००० वर्षांचे आहे, त्याच्या अखेरीस पुन्हा कृतयुग सुरू होते आणि चक्र फिरत राहते. ख्रिस्ती विश्वासात काळाला एकदाच आरंभ आहे आणि एकदाच समाप्ती. न्याय करण्यासाठी जो येणार तो कोणी नवा अवतार नसून वधस्तंभावर मारला गेलेला आणि पुन्हा उठलेला येशूच आहे, असे चौथ्या शतकापासून मंडळी नायसियाच्या विश्वासांगीकारात म्हणत आली आहे : तो जिवंतांचा व मृतांचा न्याय करण्यासाठी गौरवाने पुन्हा येईल. त्याबरोबरच मृतांचे पुनरुत्थान आहे, आणि शेवटी नवे आकाश व नवी पृथ्वी. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात माणसे पृथ्वी सोडून वर जात नाहीत. पवित्र नगरी खाली उतरते आणि देव माणसांजवळ वस्ती करतो. पृथ्वी जळून खाक होणार आणि आत्मे तेवढे उडून जाणार, असे जे चित्र पुष्कळ ख्रिस्ती लोकांच्याही मनात असते, ते या अध्यायाशी जुळत नाही.

प्रश्न : आमच्या साताऱ्याच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एक चित्रफीत फिरत आहे. आधार कार्ड, बारकोड आणि कोरोनाची लस ही ‘श्वापदाची खूण’ असून ६६६ हा आकडा त्यांत लपवला आहे, असे त्यात म्हटले आहे. काही जणांनी लस याच कारणामुळे घेतली नाही. यात तथ्य काय?

आपण उल्लेख केलेल्या तिन्ही गोष्टींत तथ्य नाही. परंतु प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात श्वापदाचा म्हणून दिलेला ६६६ हा आकडा कोठून आला हे समजून घेतल्याशिवाय अशा चित्रफितींचे आकर्षण कमी होणार नाही, म्हणून त्याविषयी लिहितो.

प्रकटीकरण हे पुस्तक पहिल्या शतकाच्या अखेरीस, बहुतेक अभ्यासकांच्या मते दोमितियन कैसराच्या कारकिर्दीत, पात्म बेटावर असलेल्या योहानाने आशियातील सात मंडळ्यांना लिहिले. आज ती सर्व ठिकाणे तुर्कस्तानात आहेत. त्या नगरांत कैसराची देव म्हणून पूजा होत असे. पर्गम येथे औगुस्ताचे आणि इफिस येथे दोमितियनच्या घराण्याचे मंदिर होते. नाण्यांवर कैसराची प्रतिमा असे, कारागिरांच्या संघांच्या मेजवान्यांत दैवतांना नैवेद्य दाखवला जाई, आणि त्यात भाग न घेणाऱ्या ख्रिस्ती माणसाचा धंदा अडचणीत येत असे. तेराव्या अध्यायात ज्यांच्यावर श्वापदाची खूण नाही त्यांना विकत घेता किंवा विकता येणार नाही असे म्हटले आहे, ते या वाचकांना कोड्यासारखे वाटले नसणार.

आकड्याचे म्हणाल तर हिब्रू भाषेत अंकांसाठी स्वतंत्र चिन्हे न वापरता अक्षरांनाच किंमत दिलेली असे, त्यामुळे कोणत्याही नावाची बेरीज करता येई. ‘नेरोन कैसर’ (म्हणजे रोमचा सम्राट नीरो) हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिले तर ५०, २००, ६, ५०, १००, ६० आणि २०० अशी बेरीज होऊन ६६६ येतात. नावातील शेवटचा ‘न’ गाळून लॅटिन पद्धतीने ‘नेरो’ लिहिले तर पन्नास वजा होऊन ६१६ उरतात. आणि काही प्राचीन हस्तलिखितांत, इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसच्या एका तुकड्यावरही, खरोखरच ६१६ असा पाठ आहे. हे साम्य योगायोगाने झाले असे मानणे कठीण आहे. ख्रिस्ती लोकांचा पहिला मोठा छळ करणारा नीरो इ.स. ६८ मध्ये मेला, पण तो परत येईल अशी वदंता पुढे अनेक वर्षे टिकून होती.

दुसऱ्या शतकात ल्योंचा बिशप इरेनियस याला ६१६ हा पाठ ठाऊक होता. त्याने ६६६ हाच योग्य पाठ मानला, त्या आकड्यात बसणारी काही नावेही सांगितली, आणि मग सल्ला दिला की नावांचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा भविष्य पूर्ण होण्याची वाट पाहणे सुरक्षित आहे. त्यानंतरच्या काळात पोप, मार्टिन ल्यूथर, नेपोलियन, हिटलर अशा अनेकांची नावे त्या आकड्यात बसवून दाखवण्यात आली. अक्षरांच्या किमती आपल्या सोयीने ठरवायच्या असतील तर कोणाचेही नाव बसवता येते.

आधारचा बारा अंकी क्रमांक २०१० मध्ये प्रथम आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देण्यात आला. तो मिळताना कोणाला कोणाची उपासना करावी लागली नाही, आणि प्रकटीकरणातील खुणेचा सारा अर्थ तर उपासनेवर उभा आहे. खूण घेणारे श्वापदाला नमन करतात (१३:१५-१७), तर लगेच पुढच्या अध्यायात कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, अनुयायांच्या कपाळावर पित्याचे नाव आहे. एक खूण कपाळात शिरलेली सुई आहे आणि दुसरी मात्र केवळ भक्तीचे प्रतीक आहे, असे मानायला मजकुरात काही आधार नाही. आधारमधील वैयक्तिक माहितीच्या सुरक्षिततेविषयी शंका असेल तर ती नागरिक म्हणून जरूर विचारावी. तो विषय न्यायालयापर्यंत गेलेला आहे.

लसीचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण त्यात जीव जातो. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. वान्लेस यांनी रुग्णालय उघडले तेव्हापासून या भागातील ख्रिस्ती समाजाची ओळख औषधोपचाराशी जोडलेली आहे. त्याच समाजातील एखादी आजी चित्रफीत पाहून लस नाकारते तेव्हा दोष त्या आजीचा कमी आणि गटात ती चित्रफीत आली असताना गप्प बसलेल्या पाळकांचा व वडीलवर्गाचा अधिक आहे. प्रकटीकरणावर आपल्या उपदेशपीठांवरून वर्षानुवर्षे प्रवचन होत नाही आणि मग ते शिकवण्याचे काम मोबाईलवरची अनोळखी माणसे करतात.

प्रश्न : मी विट्याचा महाविद्यालयीन विद्यार्थी आहे. अंजिराचे झाड म्हणजे इस्राएल, ते १९४८ मध्ये पुन्हा पालवले, आणि त्या पिढीतच शेवट होणार असे मी वाचले. ‘ही पिढी नाहीशी होणार नाही’ या वचनाचा हिशोब कसा करावा?

करू नये. मत्तय २४:३२-३४ वरून हा हिशोब मांडणाऱ्यांनी पिढी चाळीस वर्षांची धरून १९८८ हे वर्ष काढले होते. ते उलटल्यावर पिढी सत्तर वर्षांची झाली, मग ऐंशीची. लूकाने हाच दृष्टांत देताना ‘अंजिराचे झाड व इतर सर्व झाडे’ असे म्हटले आहे (२१:२९). इतर झाडांना कोणते देश नेमून द्यायचे याचे उत्तर या मांडणीत नाही. झाडाला पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला हे कळते, एवढाच त्या दृष्टांताचा सरळ अर्थ आहे. १९४८ मधील घटनेचे महत्त्व मोठे आहे आणि त्यावरून ज्यूंचे, अरबांचे व त्यांतील ख्रिस्ती लोकांचे आजही रक्त सांडत आहे. तिचा उपयोग कालमापक म्हणून करताना या माणसांचा विसर पडतो, ही माझी त्या शिकवणीविषयीची मुख्य तक्रार आहे.

तारखा ठरवण्याचा इतिहास आपल्यासारख्या तरुणाने अवश्य वाचावा. अमेरिकेतील विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाने दानीएल ८:१४ मधील २३०० दिवसांची वर्षे मोजली आणि त्याच्या अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काही शेतकऱ्यांनी उभे पीक काढले नाही. तो दिवस उलटून गेला. हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओवरील उपदेशकाने २१ मे २०११ ही तारीख जाहीर करून अनेक देशांत फलक लावले, ती चुकल्यावर २१ ऑक्टोबर ही दुसरी दिली, आणि पुढील वर्षी तारीख ठरवणे हे पाप होते अशी लेखी कबुली दिली. अशी कबुली देणारे फार थोडे असतात. प्रभूचे वचन तर निःसंदिग्ध आहे : तो दिवस व ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, दूतांना नाही, पुत्रालाही नाही (मत्तय २४:३६).

प्रश्न : माझी नऊ वर्षांची नात शाळेतून घरी आली तेव्हा घरात कोणी नव्हते. सगळे वर उचलले गेले आणि आपण एकटीच मागे राहिलो असे समजून ती रडत बसली. रविवारच्या शाळेत तसे चित्र दाखवले होते. तिला काय सांगावे? — एक आजी, वाई

आजी, तिला आधी हे सांगावे की येशू लहान मुलांना सोडून जात नाही. बाकीचे मोठ्यांसाठी लिहितो.

विश्वासणारे मेघारूढ होऊन प्रभूला सामोरे जातील असे पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिले आहे (१ थेस्स. ४:१७). ज्यांची माणसे नुकतीच मरण पावली होती अशा शोकग्रस्त लोकांना, आपले मृत मागे राहणार नाहीत असा धीर देण्यासाठी ते लिहिलेले आहे. त्या परिच्छेदात आज्ञाध्वनी आहे, आद्यदूताची वाणी आहे, देवाच्या तुतारीचा नाद आहे. गुपचूप काहीच नाही. शेवटच्या काळातील महासंकटाआधी मंडळी गुप्तपणे उचलली जाईल आणि मग सात वर्षांनी प्रभू उघडपणे येईल, ही दोन टप्प्यांची शिकवण जॉन नेल्सन डार्बी यांनी १८३० च्या दशकात मांडली आणि १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टीपांसहित पवित्र शास्त्रामुळे ती जगभर पसरली. आपल्याकडील ब्रदरन आणि अनेक पेंटेकॉस्टल मंडळ्या ती मनापासून मानतात, त्यांचा मी आदर करतो. कॅथोलिक, ऑर्थोडॉक्स आणि जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या शिकवणीत ती नाही.

शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल व एक राहील, हे वचन त्या चित्राखाली लिहिलेले असते. त्याच्या आधीच्या ओव्या नोहाच्या जलप्रलयाविषयी आहेत, आणि तेथे पुराने ज्यांना वाहून नेले ते नाश पावलेले आहेत, मागे राहिला तो नोहा (मत्तय २४:३७-४१). तेव्हा मागे राहणे हीच शिक्षा आहे असे त्या परिच्छेदावरून ठामपणे म्हणता येत नाही. रविवारच्या शाळेच्या शिक्षिकेशी आपण शांतपणे बोलावे आणि पौलाच्या त्या परिच्छेदाची शेवटची ओवी तिला दाखवावी : या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा. ज्या धड्याने मुलगी रडते तो धडा त्या ओवीच्या विरुद्ध शिकवला गेला आहे. आणि शाळा सुटण्याच्या वेळी घराची किल्ली शेजारी ठेवण्याची व्यवस्था मात्र जरूर करावी.

प्रश्न : तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. एका सेवेच्या (धर्मप्रचार संस्थेच्या) सभांना जाऊ लागल्यापासून माझे पती म्हणतात की प्रभू या एकदोन वर्षांत येणार. जुनी बाग काढून नवी लावायची ठरली होती, ते त्यांनी थांबवले. मुलीच्या अभियांत्रिकीचे शुल्क भरायला ते तयार नाहीत आणि सोसायटीतील ठेव मोडून त्या सेवेला द्यायची म्हणतात. विरोध केला तर माझा विश्वास कमी आहे असे ऐकून घ्यावे लागते. मी काय करावे?

ताई, तुमचा विश्वास कमी नाही. थेस्सलनीकाच्या मंडळीत नेमके हेच घडले होते. प्रभूचा दिवस येऊन ठेपला अशी अफवा उठली, काहींनी कामधंदा सोडला आणि ते इतरांच्या जिवावर जगू लागले. पौलाने त्यांना दुसरे पत्र लिहिले, त्यात असल्या बोलण्याने किंवा आमच्या नावाच्या पत्राने घाबरून जाऊ नका असे बजावले (२:२), आणि जो काम करू इच्छीत नाही त्याने खाऊही नये असा नियम घालून दिला (३:१०). मी स्वतः रात्रंदिवस कष्ट करून तुमच्यात राहिलो, याची आठवणही त्याने करून दिली. पुनरागमनावर पौलाइतका दृढ विश्वास असलेला माणूस शोधून सापडणार नाही, आणि तो तंबू शिवून पोट भरत होता.

पतीला यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय वाचायला सांगा, शक्य असल्यास दोघांनी मिळून वाचा. सिद्कीया राजाच्या दहाव्या वर्षी बाबेलच्या नबुखद्नेस्सराच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे. शहर पडणार हे यिर्मयाने स्वतःच भाकीत केले आहे आणि त्याबद्दल तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथचे माझे शेत विकत घे. ते शेत शत्रूच्या ताब्यातील मुलखात आहे, म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य. यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, खरेदीखताची एक मोहोरबंद आणि एक उघडी प्रत करतो, आणि ती पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला बारूखाला सांगतो. का, तर देवाने सांगितले आहे की या देशात घरे, शेते व द्राक्षमळे यांची पुन्हा खरेदी होईल. जगबुडी समोर दिसत असताना संदेष्ट्याने जमिनीचा व्यवहार केला आणि तोही कायद्याच्या सर्व पायऱ्या पाळून. यशयाच्या पासष्टाव्या अध्यायात तर नव्या पृथ्वीवरही लोक द्राक्षमळे लावतील आणि त्यांचे फळ खातील असे म्हटले आहे (६५:२१), हे तासगावच्या माणसाला सांगायला मला विशेष आवडते.

ठेवीबाबत मी जास्त स्पष्ट लिहितो. दक्षिण कोरियात एका पंथाने २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख ठरवली होती. अनुयायांनी नोकऱ्या सोडल्या, मालमत्ता विकून पैसे पंथाला दिले. पंथाच्या पुढाऱ्याने त्याच पैशांतून जे रोखे घेतले होते त्यांची मुदत त्या तारखेनंतरच्या वर्षी संपणार होती. फसवणुकीबद्दल त्याला शिक्षा झाली. तुमच्याकडील सेवा तशीच आहे असे मी म्हणत नाही. परंतु तिच्या चालकांना दोन प्रश्न विचारण्याचा देणगीदाराला अधिकार आहे : संस्थेचे लेखापरीक्षण झालेले हिशोब दाखवाल का, आणि स्वतःच्या नावावरील घर, गाडी व ठेवी यांचे आपण काय केले आहे? ठेव दोघांच्या नावावर असेल तर तुमच्या सहीशिवाय ती मोडता येते का, हे सोसायटीच्या सचिवांना आजच भेटून विचारून घ्या.

मुलीचे शुल्क मुदतीत भरावे. माहेरकडून किंवा शैक्षणिक कर्जातून सोय होत असेल तर पतीची संमती मिळेपर्यंत थांबू नका. तुमच्या पाळकांना आणि पतीचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा एखाद्या वडीलधाऱ्या नातेवाइकाला सोबत घेऊन बोला, एकट्याने वाद घालू नका. बागेचा निर्णय मात्र घाईने घेऊ नका. नव्या बागेला मांडव, खुंटरोपे, कलम आणि पहिले पीक हाती येईपर्यंतची दोनेक वर्षे, एवढा खर्च सोसावा लागतो, आणि गेल्या काही हंगामांतील अवकाळी पावसाने अनेक बागायतदार कर्जात गेले आहेत. त्यामुळे लागवड थांबवण्याला चांगली कारणेही असू शकतात. बेदाण्याचा भाव, पाण्याची खात्री, अंगावरचे कर्ज आणि मजुरीचा दर हे चार आकडे कागदावर मांडून दोघांनी एकत्र बसा, कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्या, आणि त्या हिशोबात बाग परवडत नाही असे निघाले तर या वर्षी लावू नका.